आवळलं म्हणजे झालं?

गेल्या दसऱ्याला आमच्या वाड्यावर एका जुन्या फियाटची पूजा झाली. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, झेंडूची भली मोठी माळ, चारी चाकांखाली लिंबू. गाडीचा मालक माझा जुना मित्र. लिंबू चिरडून झाल्यावर मी त्याला सहज विचारले, ‘बाबा रे, या गाडीची चाके शेवटची कधी काढली होतीस?’ तो हसला. ‘मी? चाके टायरवाला काढतो.’ ‘आणि नट कितपत आवळायचे हे टायरवाल्याला कोणी सांगितले?’ यावर त्याने जे उत्तर दिले ते आम्हा गोंयकारांना जन्मतःच पाठ असते. ‘कांय जावचें ना रे!’

काही होत नाही. या तीन शब्दांवर माझा राग आहे, आणि हा लेख मी त्या रागातच लिहितो आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मी सरकारी कारकून, तोही मराठी घेऊन बी.ए. झालेला. त्यामुळे ‘फाइलीला टॅग लावणाऱ्याने नट-बोल्टावर बोलू नये’ हा टोला मला त्या दिवशी लगेच मिळाला. मान्य. पण मग बोलायचे कोणी? ज्यांना कळते ते मेस्त लिहीत नाहीत, आणि जे लिहितात ते जुन्या गाड्यांवर गहिवरून लिहितात. फियाटचा तो हॉर्न, अॅम्बेसेडरची ती सोफ्यासारखी सीट, बाबांच्या मांडीवर बसून धरलेले स्टिअरिंग... असले लेख मीही लिहिलेले आहेत, नाकारत नाही. त्यातल्या एकाही लेखात चाक नाही. चाक गाडीला कशाने धरून राहते हा प्रश्नच आम्हाला पडत नाही. मलाही पडला नव्हता. तो पडला धारवाडजवळ, नवलूरला, रस्त्याच्या कडेला.

धारवाडला माझे मामा राहतात, माळमड्डीत. हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. हे वर्कशॉप म्हणजे जुन्या सदर्न मराठा रेल्वेचा वारसा. कंपनीच्या नावातच ‘मराठा’ असल्याचा मामांना अजूनही अभिमान! त्यांच्याकडे १९७४ सालची मार्क टू अॅम्बेसेडर आहे, सरकारी लिलावात घेतलेली. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सचा तो कारखाना २०१४ साली बंद झाला, त्याला आता दहा वर्षे उलटून गेली. मामांची गाडी मात्र चालू. अलीकडे त्यांना दिसायला कमी झाले आणि त्यांनी गाडी मला द्यायची ठरवली. मी हरखलो. आणि हरखलेला माणूस जे करतो तेच मी केले. गाडी गोव्यात दिमाखात शिरावी म्हणून हुबळीतल्या एका गॅरेजात नेऊन चारी चाकांच्या रिमला रंग मारून घेतला. चांगला जाड, क्रीम रंगाचा, दोन्ही बाजूंनी, नटांच्या भोकांच्या आतपर्यंत. ‘एकदम चकाचक करा’ असे सांगणारा मीच होतो, हे आधी कबूल करतो. चाके परत बसवताना पोऱ्याने हवेची गन लावली. ट्रर्र, ट्रर्र, ट्रर्र. एकेका चाकाला अर्धा मिनिटसुद्धा नाही. कानाला फार बरे वाटले. मी विचारले, घट्ट झाले ना? तो म्हणाला, ‘एनु आगूदिल्ल बिडरी!’ म्हणजे कानडीतले ‘कांय जावचें ना’. भाषावार प्रांतरचना झाली तरी काही बाबतींत आपण सगळे एकच आहोत.

दोन दिवस धारवाडातच गाडी फिरवली. तिसऱ्या दिवशी मामीला हुबळीला सिद्धारूढ मठात नेऊन आणले. परतीच्या वाटेवर उणकल गेले, नवनगर गेले, शेजारच्या मार्गिकेतून चिगरी बस सुळकन पुढे गेल्या. नवलूरच्या आसपास मागून मामी म्हणाली, ‘डबा वाजतोय का रे?’ डबा नव्हता. डाव्या पुढच्या चाकातून खुळखुळा वाजल्यासारखा आवाज येत होता आणि स्टिअरिंगला बारीक कंप होता. मामांनी खिडकी खाली केली, कान बाहेर दिला आणि शांतपणे म्हणाले, ‘ब्रेक जोरात दाबू नकोस. हळूहळू बाजूला घे.’

चाकावरची स्टीलची टोपी काढली तर तीतून दोन नट माझ्या हातात पडले. उरलेले बोटांनी फिरत होते. मागे बसलेल्या मामीचे वय ७८.

इथे माझ्या मित्राचा, आणि त्याच्यासारख्या सगळ्यांचा आक्षेप मला ऐकू येतो: म्हणजे गनने पुरेसे घट्ट केले नव्हते, आणखी आवळायला हवे होते! नाही. नेमका हाच तो गैरसमज आहे ज्याच्याशी माझे भांडण आहे. मलाही आधी तसेच वाटले होते. मामांनी फुटपाथवर बसून मला जे समजावले ते माझ्या बी.ए.च्या डोक्यात शिरले, म्हणजे कोणाच्याही शिरेल.

आपल्याला वाटते, चाक त्या स्टडांवर खुंटीवरच्या टोपीसारखे लटकलेले असते. तसे नसते. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, रबराच्या चकतीसारखा, फक्त डोळ्यांना दिसत नाही. तो ताण चाकाला हबवर दाबून धरतो, आणि चाक टिकते ते त्या दाबाने, लोखंडाने लोखंडाला घट्ट धरल्यामुळे. आता त्या दोन लोखंडांच्या मध्ये मी हौसेने रंगाचा थर घातला. नटाचा निमुळता भाग ज्या खळग्यात बसतो तिथेही रंग. गाडी चालली, चाके तापली, हादरे बसले, रंग दबला आणि पापडासारखा सुटला. थर गेला तेवढा ताण गेला. ताण गेला की नट स्वतःच फिरायला मोकळा. शिवाय पोऱ्याने पहिला नट एकदम पुरता आवळून मग दुसऱ्याकडे मोर्चा वळवला होता, त्यामुळे चाक आधीच तिरके टेकलेले. म्हणजे गन लावली तेव्हा सगळे नट अगदी घट्ट होते. घट्ट होते म्हणूनच मी निश्चिंत होतो!

रंगावर लाखभर रुपये घालणाऱ्या आमच्या हौशी मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावे: चाक आणि हब जिथे टेकतात ती जागा, आणि नट बसण्याचे खळगे, यांवर रंग नको. पावडर कोटिंग तर नकोच नको. तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ धातू दिसला पाहिजे. कोणाला दिसणारही नाही अशी ती जागा आहे. पण आमची गंमत अशी की जिथे कोणी बघत नाही तिथेही चकाचक पाहिजे, आणि जिथे बघायला पाहिजे तिथे कोणी बघत नाही.

आता त्या दिवशी पुढे काय केले ते सांगतो, कारण वाद नुसत्या तत्त्वाचा नाही, हाताच्या कामाचा आहे.

आधी नट हातपान्याने जागेवर बसवले आणि गाडी पायी चालीने रस्त्यापासून आत, एका सपाट, कडक जमिनीच्या आवारात नेली. रस्त्याच्या कडेला चाक बदलायचे नाही, यावर मामा ठाम होते. हुबळी-धारवाडचा बायपास आपल्याला ठाऊक आहे. वर्षानुवर्षे दुपदरी राहिलेला तो रस्ता. जानेवारी २०२१ मध्ये दावणगेरेहून सहलीसाठी आपल्या गोव्याकडे निघालेल्या बायकांच्या गाडीला याच रस्त्यावर इटिगट्टीजवळ टिपरने धडक दिली, त्यात कितीतरी जणी गेल्या. तो अपघात चाकामुळे झाला नव्हता. पण अशा रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून, पाठ रहदारीकडे करून नट सोडवणारे लोक मी आजही बघतो.

मग चाकांना अडवण. हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये टाकली, झाले, असे मी म्हटले. मामांनी कपाळाला हात लावला. मागचे एक चाक वर उचलले की डिफरन्शिअलमुळे ते उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे दुसरे चाक पुढे सरकू शकते, गाडी गिअरमध्ये असली तरी! जुन्या विलीज जीपमध्ये तर हँडब्रेकही चाकांवर नसतो, तो गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर असतो. म्हणजे मागचे एक चाक उचलले की हँडब्रेकही गेला आणि गिअरही गेला. आमच्याकडे जीप बाळगून मिशीला पीळ देणारे पुष्कळ आहेत, त्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकाला पुढून आणि मागून पाचर लावायची. दोन्हीकडून.

गाडी जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे. वर उचलून मग जोर लावला तर जोर नटाला लागत नाही, जॅकला लागतो.

जॅक कुठे लावायचा हा प्रश्न धारवाडात सोपा आणि गोव्यात अवघड. धारवाडची हवा कोरडी. आपल्याकडे समुद्राचा खारा वारा आणि चार महिने पाऊस, जुन्या गाडीच्या कडेचा पत्रा आतून कधी खाल्ला जातो कळत नाही. वरून रंग झळझळीत, आत गंज. कंपनीने ठेवलेल्या जॅकच्या जागी जॅक लावावा आणि तो पत्र्यातून सरळ वर यावा, हे मी फोंड्यात माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. अशा गाडीला मागे पाट्यांच्या स्प्रिंगांजवळ धुरीखाली, पुढे आडव्या जाड मेंबरखाली जॅक लावावा. आणि उचलल्यावर स्टँड द्यावा. जॅक हा उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. जुन्या तेलाच्या जॅकचे वॉशर गेलेले असले की तो मुंगीच्या पावलाने खाली येतो.

स्टँडच्या जागी आपण काय लावतो? चिरा! गोव्यात दुसरे काय मिळणार! घरे बांधायला उत्तम, पण एका टोकावर गाडीचा भार पडला की चिरा भुगा होतो. विटेचेही तेच. लाखाचा रंग मारणाऱ्याला काही हजारांची स्टँडची जोडी महाग वाटते, हे गणित माझ्या कारकुनी डोक्याला अजून सुटलेले नाही. त्या दिवशी आमच्याकडेही स्टँड नव्हता. मामांनी सैल झालेले चाक काढून आडवे गाडीखाली सरकवायला लावले. गाडी घसरलीच तर चाकावर पडेल, माझ्या हातावर नाही. तोपर्यंत त्यांनी मला बोनेटपुढे वाकूही दिले नाही.

त्या चाकाची भोके किंचित लांबट झाली होती. ते चाक पुन्हा लावायचे नाही, हा निकाल मामांनी बोट फिरवून दिला. डिकीतली स्टेपनी काढली. तिला रंग द्यायला मी विसरलो होतो. तांबूस, डागाळलेली, कुरूप. ती हबवर जाऊन अशी टेकली की मधून कागदही गेला नसता. गुळगुळीत क्रीम रंगाचे चाक डिकीत गेले आणि मामी पहिल्यांदाच हसली.

नट आधी बोटांनी फिरवायचे, निमुळते तोंड चाकाकडे. पहिले काही फेरे बोटांनी गेले नाहीत तर आटे बिघडलेत किंवा नट वाकडा धरलाय, पाना लावून बळजबरी करायची नाही. मग समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळायचे, वर्तुळात एकामागून एक नाही. शेवटचा आवळ चाक जमिनीवर टेकल्यावर.

आणि शेवटचा आवळ किती? इथे माझी आवडती आकडेमोड. आपल्याकडे पान्याला पाइप लावून वर उभे राहण्याची पद्धत आहे. सत्तर किलोचा माणूस अर्धा मीटर लांब दांड्याच्या टोकावर उभा राहिला की पस्तीस किलो-मीटर जोर लागतो. साध्या मोटारीच्या चाकाच्या नटाला लागतो तो साधारण आठ ते बारा. जुन्या गाडीला नेमका किती ते तिच्या पुस्तकात असते. म्हणजे आपण तिप्पट-चौपट जोर लावून वर घाम पुसतो आणि म्हणतो, आता बघ! काय बघायचे? स्टड ताणून ताणून त्याची लवचीकता मेलेली असते, आटे ओढलेले असतात, ब्रेकच्या ड्रमवर वाकडा ताण बसलेला असतो. त्यात पन्नास वर्षांचे लोखंड. तो स्टड त्या दिवशी तुटत नाही. तो अनमोडच्या घाटात तुटतो. किंवा रात्री पावसात पंक्चर होते आणि तो नट कोणाच्या बापाला सुटत नाही.

गन वाईट आहे असे मी म्हणत नाही. ट्रकच्या टायरवाल्याने हाताने नट सोडवत बसावे असा माझा आग्रह नाही. चांगल्या दुकानांत गनने नुसते बसवतात आणि शेवटचा आवळ टॉर्क पान्याने देतात, तो ठराविक जोराला ‘टक्’ करतो. पण हे कधी होते? गाडीचा मालक उभा राहून मागतो तेव्हा. आपण मात्र दुकानात शिरल्याबरोबर म्हणतो, ‘लवकर कर, पाच मिनिटांत जायचंय.’ आणि उद्या चाक निखळले की दोष त्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोऱ्याचा! माझ्या चाकाला पोऱ्याचा दोष किती? थोडा. रंग मारायला मी सांगितले, घाई मी केली, वाकून बघितले नाही तेही मीच. खरी गोष्ट अशी की हात काळे करण्याची आपल्याला लाज वाटते. खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू वाहतो, उरलेले वर्षभर हत्यार धरणाऱ्याला ‘ए’ म्हणून हाक मारतो.

आणि हत्यार धरणाऱ्याकडे ज्ञान असते. एक उदाहरण. विलीज जीप किंवा जुन्या डॉज-प्लिमथ (या गाड्या १९४७ पासून मुंबईत प्रीमियरने जुळवल्या) यांच्या डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात. फिरणाऱ्या चाकाने नट सुटू नयेत म्हणून ती योजना. डाव्या बाजूला नेहमीच्या दिशेने सोडवायला गेलात तर तुम्ही आवळत असता. हे न कळून पाइप लावून स्टड मोडलेले वीर आहेत, आणि वर ‘गंजले होते’ म्हणून सांगतात. अनेकदा स्टडाच्या तोंडावर इंग्रजी ‘एल’ कोरलेला असतो. जुन्या ट्रकवर काम केलेला कोणताही म्हातारा मेस्त हात लावण्याआधी तो ‘एल’ शोधतो. आपण त्याला विचारत नाही, त्याच्या हाती गन देतो.

सरकारी माणूस असल्यामुळे नियमांकडेही बघितले. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला वीस हजार, नूतनीकरणाला पाच हजार, नंबरात ‘व्हीए’ अक्षरे, चासी-इंजिन-बॉडीत मोठे बदल नकोत, रोजच्या वापराला मनाई. चांगला नियम आहे, मला फॉर्म आवडतात. मामांची गाडी या वयात बसते. माझा मित्रही आपल्या फियाटसाठी वीस हजार भरायला तयार आहे. टॉर्क पाना घ्यायला तयार नाही. ‘वर्षातून दोनदा रॅलीला जाते रे, तेवढ्यासाठी कशाला?’ अरे, वर्षातून दोनदा जाते म्हणूनच! उभ्या गाडीचे नट कोणी तपासत नाही.

मामा म्हणाले, पूर्वी गाडी स्टेशनात थांबली की माणूस लांब दांड्याचा हातोडा घेऊन डब्याडब्याखाली चाकावर टोला मारत जायचा. नाद खणखणीत आला तर पुढे, बद्द आला तर थांबव. डब्यातल्या उतारूंना वाटायचे, हा काय उगाच ठोकतोय. ‘त्याला कोणी काही होत नाही म्हणालं असतं ना,’ मामा म्हणाले, ‘तर त्यानं हातोडा त्याच्याच डोक्यात घातला असता बघ!’

माळमड्डीत पोचल्यावर उरलेली तीन चाके एकेक करून उतरवली, टेकणाऱ्या जागांवरचा रंग खरवडला, स्टँड आणि टॉर्क पाना हुबळीहून आणला. अख्खा दिवस गेला. नखांतले काळे आठवडाभर निघाले नाही, कार्यालयात हजेरीपटावर सही करताना साहेबांनी माझ्या हाताकडे बघितले. बघू देत.

निघताना मामांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली, पन्नास-साठ किलोमीटर झाले की थांबून नट पुन्हा बघायचे, चाक नव्याने बसवले की ते बसते. अळणावर मागे टाकले आणि लोंढ्याच्या पुढे एका सपाट जागी थांबलो. चहाच्या गाड्यावरच्या माणसाने विचारले, काय बिघडलं? मी म्हटले, काही नाही. टोप्या काढल्या, पाना लावला. तीन चाकांवर सगळीकडे ‘टक्’ आला. उजव्या मागच्या चाकाचा एक नट मात्र पाव फेरा फिरला, मग त्यानेही ‘टक्’ केले.